गाळी आणि गाली

घरात माणसं तीन, सायकली चार.
बायको हे गणित पाहुण्यांना सांगायला लागली
की मी मागच्या दारी चेनला तेल घालत बसतो.

पहिली बाबांची. चोवीस इंची, काळी.
दांड्याखालून पाय घालून शिकलो तिच्यावर,
व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात;
घोट्यावरचा डाग अजून तिच्या नावानं आहे.
दुसरी पगाराची, उद्यमबागेत लेथपुढं
उभं राहून कमावलेली.
तिसरी मी घेतली नाही, ती आली.
चौथीची किंमत घरी निम्मी सांगितली आहे,
ओळखीच्यांनी सांभाळून बोलावं.

रविवारी साडेपाचला आरपीडीच्या कोपऱ्यावर
आधी दिवे येतात, मग माणसं.
भरमाणा, रतीब घालून थेट, हाताला दुधाचा वास.
कॅम्पातून सिल्विया टीचर, डब्यात कालचा केक.
दस्तगीर, ज्याच्याकडं पंक्चरचे तीस रुपये
आणि गोष्ट ऐकून घेणं सक्तीचं.
आणि मेडिकलचं एक पोरगं, नाव सांगितलं होतं त्यानं,
पण आम्ही 'पिवळं हेल्मेट' म्हणतो
आणि तेही ओ देतं.

कधी बाचीवरून पुढं जातो.
पाटीवरची अक्षरं बदलतात, डांबराचा आवाज बदलतो,
शिनोळीत चहा पिऊन परत.
टीचरनं एकदा तिथून घरी फोन लावला,
"महाराष्ट्रात आहे मी."
नवरा म्हणाला, "मग पेट्रोल कितीला आहे बघून ये."

कधी येळ्ळूरचा गड.
शेवटच्या वळणाला भरमाणा उतरतो,
"ह्यो चढ न्हवं गा, भिंत हाय,"
आणि सायकलशी काहीबाही बोलत,
म्हशीला बोलावं तसं,
तिला हाताला धरून वर नेतो.

उतरताना देसूरवरून.
देसूरला दुंडाप्पा.

पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या दारात माझी हवा गेली.
पंप घरी विसरलेला. कन्नड तेव्हा
बस कंडक्टरपुरतं.
गाळी म्हणजे हवा, गाली म्हणजे चाक,
हे मला कोण सांगणार?
मी म्हणालो, "स्वल्प गाली बेकु."
थोडं चाक पाहिजे.

रेल्वेतला गँगमन तो, रात्रपाळी करून आलेला.
हसला नाही. काही विचारलं नाही.
आत गेला, पाना घेऊन आला,
आणि भिंतीला टेकवलेल्या स्वतःच्या हिरव्या सायकलचं
पुढचं चाक सोडवायला बसला.
एक नट काढून झाला होता
तेव्हा मी माझा टायर दाबून दाखवला.
मग मात्र तो असा हसला
की शेजारची म्हातारी शेण थापायची थांबून बघायला आली.

नंतर कितीतरी रविवार तो आमच्या पुढं असायचा,
बिनगिअरचा, चप्पल घालून,
जांबोटीच्या चढावर मागं वळून विचारायचा,
"गाळी ऐती?"
म्हणजे टायरमधली की छातीतली, ते कळायचं नाही.

गुडघे गेले. डॉक्टर नको म्हणाले.
एके दिवशी हिरवी सायकल ढकलत
तो फाटकापर्यंत आला, हँडल माझ्या हातात दिलं,
आणि आत जाऊन दार लावलं.

म्हणून रविवारी मी हिलाच आणतो.
चौथी, महागडी, घरी भिंतीवर टांगलेली.
दुंडाप्पा फाटकात पंप घेऊन उभा असतो.
अंगठ्यानं टायर दाबतो.
हवा भरपूर आहे हे त्यालाही कळतं,
तरी दोन पंप मारतो.
मग मागचं चाक उचलून फिरवतो,
कान खाली नेतो.
"हबात टकटक येतंय बघ. कोन सैल झालाय."
"पुढच्या रविवारी बघू," मी म्हणतो.

पाव आटा आवळला की जाईल ती.
लेथवरचा माणूस आहे मी,
पाना माझ्या पिशवीतच असतो.